वर्गातला भडका बंद करा, प्रयोग वाढवा

निळा लिटमस (धागाकर्ती):
नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वीपर्यंत माझा सगळ्यात लाडका प्रयोग म्हणजे रंगीत ज्योती. वेगवेगळे क्षार बशांमध्ये घ्यायचे, त्यावर मिथेनॉल ओतायचं आणि पेटवायचं. स्ट्रॉन्शियम लालभडक, तांबं हिरवं, सोडियम पिवळं. मुलं टाळ्या वाजवायची. एकदा एक ज्योत विझली असं समजून मी बाटली पुन्हा उचलली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, "बाई, अजून जळतंय!" ती ओरडली म्हणून मी थांबले. त्यानंतर तो प्रयोग केला नाही.

मिथेनॉलची ज्योत फिकी निळी असते, उजेडात दिसतच नाही. साधारण ११ अंश सेल्सिअसलाच त्याची वाफ पेट घेण्याइतकी सुटते, म्हणजे वर्गात ती नेहमीच तयार असते. आग बाटलीत शिरली की आतली वाफ पेटते आणि जळतं मिथेनॉल बाटलीच्या तोंडातून पिचकारीसारखं थेट समोरच्या बाकांवर जातं. अमेरिकेत यात मुलं भाजली. २०१४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने हा प्रयोग उघड्या टेबलावर करूच नका असं शिक्षकांना सांगितलं. तेच रंग मिळवायचे तर लाकडी काड्या क्षारांच्या पाण्यातल्या द्रावणात रात्रभर भिजवा आणि बर्नरच्या ज्योतीत धरा. बाटली लागतच नाही.

माझं म्हणणं मात्र याच्याही पुढचं आहे. शिक्षकाने भडका करायचा आणि मुलांनी बघायचं, हा प्रकारच कमी करावा. प्रयोग मुलांच्या हातात द्यावा, तोही बाटलीभर रसायनाने नाही, एकेका थेंबाने.

सोडियम११:
बाई, मिथेनॉलबद्दल मान्य. पण पुढचं अजिबात पटलं नाही. मी आज रासायनिक कारखान्यात काम करतो ते एका सोडियमच्या तुकड्यामुळे. सरांनी जेमतेम तीन मिलिमीटरचा तुकडा पाण्यात टाकला. तो गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा पळाला, चरचरला आणि पेटला. धातू पाण्यावर तरंगतो आणि पाण्यात जळतो, हे डोळ्यांनी बघितल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

थेंबांनी असं काही होत नाही. शिवाय ज्याने आग पाहिलीच नाही तो आगीला जपणार कसा? कारखान्यात नवीन येणाऱ्या मुलांमध्ये मला हेच दिसतं. नियम पाठ असतात, पण बाटली हातात घेताना भीती नसते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, तीही टेबलावर प्रयोग करून दाखवतच. मुलं बघत होती आणि शिकत होती.

एका मुलीची आई:
मी दोघांच्याही विरोधात आहे. माझ्या मुलीच्या मनगटावर अजून डाग आहे. संहत (दाट) सल्फ्युरिक आम्ल पाणी मिसळून विरल करायचं होतं. घाईत आम्लात पाणी ओतलं गेलं आणि ते उडालं. चष्मे शाळेत होते, पण कपाटात आणि कपाटाला कुलूप. डोळा वाचला तो केवळ नशिबाने.

मुलांच्या हातात द्या म्हणता, पण एका वर्गात किती हात असतात आणि बघणारे डोळे किती? आज प्रत्येक अभिक्रियेचा उत्तम व्हिडिओ मिळतो, हळू करून, जवळून. तो दाखवा. कुतूहलासाठी कातडी जाळायची गरज नाही.

निळा लिटमस:
ताई, वाचून पोटात गोळा आला. चष्म्यांच्या कपाटाला कुलूप असेल तर त्या दिवशी प्रयोगशाळा उघडूच नये.

तिथे काय झालं असेल ते सांगते. हे आम्ल पाण्याच्या साधारण १.८ पट जड. वरून ओतलेलं पाणी पृष्ठभागावरच राहतं, तिथल्या उष्णतेने क्षणात उकळतं आणि आम्ल घेऊन उसळतं. म्हणून आम्ल पाण्यात, बारीक धारेने, ढवळत. पण शाळकरी मुलाच्या हाती संहत आम्ल यावंच कशाला? मुलांना लागतं ते आधीच विरल करून ठेवलेलं, ड्रॉपरच्या बाटलीत.

व्हिडिओत काय नसतं ते मी परवाच पाहिलं. पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर विरल सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब, त्यात तांब्याच्या तारेचा नखाएवढा तुकडा, वर भिंग. अर्ध्या मिनिटात तार काळवंडली आणि मग तिला चकचकीत सुया फुटायला लागल्या, नेच्याच्या पानासारख्या. गडबड करणारा वर्ग चिडीचूप. मग एकाने विचारलं, "चांदी आली, पण मग तांबं कुठे गेलं?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग परीक्षानळीत केला. तांबं विरघळून द्रावण निळं होत गेलं आणि उत्तर त्यानेच दिलं.

लॅबमधला एक:
मी प्रयोगशाळा सहायक. थेंबांची पद्धत मला आवडते, टाकाऊ द्रावण वाटीभर निघतं, बादलीभर नाही. पण बाई, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. ड्रॉपरच्या तीस बाटल्या, सगळ्यांत पाण्यासारखंच दिसणारं काहीतरी आणि निम्म्या लेबलांची शाई पुसलेली. माझी खरी भीती ही आहे. लेबल रोज तपासायला तास कोण देतं? सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की काळा डाग आठवडाभर जात नाही, मग पालकांचे फोन. हातमोजे आणि चष्मे आधी, थेंब नंतर.

तिसरा बाक:
सगळे आगीबद्दलच बोलताहात. भडका असो की थेंब, मुलांच्या डोक्यात काय चाललंय हे कुणी विचारत नाही. रसायनशास्त्राच्या शिक्षणावर संशोधन करणारे अॅलेक्स जॉनस्टोन यांनी १९९१ मध्ये मांडलं होतं की रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं: डोळ्यांना दिसणारं, कणांच्या जगातलं आणि चिन्हांतलं. शिक्षक या तिन्हींत उड्या मारतो आणि मूल मध्येच पडतं.

म्हणून प्रयोगाआधी भाकीत लिहून घ्या. मॅग्नेशियम धातूची फीत झाकणाच्या मुशीत (तापवायच्या छोट्या भांड्यात) जाळली तर वजन वाढेल की घटेल? जवळजवळ सगळी मुलं 'घटेल' लिहितात, कारण राख हलकी असते. तराजू वाढलेलं वजन दाखवतो तेव्हा जे होतं, त्याला भडक्याची गरज नाही.

निळा लिटमस:
भाकिताचं शंभर टक्के पटलं. लेबलांचंही, ते मी आजच हाती घेते.

सोडियम११, फॅरडेची ती सहा व्याख्यानं एका मेणबत्तीवर होती, हे तुम्ही गाळलंत. मेणबत्ती फुंकून विझवा आणि वर जाणाऱ्या धुरात, वातीपासून बोटभर उंचीवर, पेटती काडी धरा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि वात पेटते. जळते ती वाफ, हे मुलाला तिथेच कळतं. आणि एकदा ते कळलं की मिथेनॉलच्या बाटलीत काय होतं हे मला सांगावं लागत नाही. या वर्षी एका मुलाने ते स्वतःहून विचारलं: "मग अर्धी रिकामी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा वाईट?" तुम्हाला हवी ती भीती याच्याकडे आहे आणि ती समजून आलेली आहे.

सोडियम११:
अर्ध्या बाटलीचा प्रश्न आमच्याकडे दोन वर्षं काम केलेल्यांनाही सुचत नाही. हे मी मानतो.

तरीही सोडियम सोडणार नाही. वर्षातून एकदा, तीन मिलिमीटर, मोठं पात्र, मध्ये पारदर्शक पडदा, शिक्षकासह सगळ्यांना चष्मे. थेंबांच्या शेजारी त्याला एक दिवस द्या.

एका मुलीची आई:
मेणबत्तीला माझी हरकत नाही. थेंबांना चष्म्यासकट हरकत नाही. सोडियमचा दिवस असेल तर आधी मला कळवा आणि कपाटाची किल्ली त्या दिवशी कुणाकडे आहे तेही सांगा. मग मी हो किंवा नाही म्हणेन.