सागाच्या भुशात धिंगरी अळिंबीची वाढ अर्ध्यावरच का थांबते?

प्रश्न (ब्रह्मपुरी तालुका, जिल्हा चंद्रपूर)

नमस्कार. आमच्या महिला बचत गटाने पोळ्यानंतर धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूमची) लागवड सुरू केली. गावाजवळच्या आरागिरणीतून लाकडाचा भुसा जवळजवळ फुकट मिळतो, म्हणून तणसाऐवजी (धानाच्या पेंढ्याऐवजी) भुसाच वापरायचे ठरवले. त्यात धानाचा कोंडा सुमारे पाचव्या हिश्शाइतका मिसळला, भिजवून पिशव्या भरल्या आणि लोखंडी ड्रममध्ये पाणी उकळून दोन तास वाफ दिली. पिशव्या थंड झाल्यावर स्पॉन (अळिंबीचे बी) टाकले. पहिल्या आठवड्यात पांढरे जाळे छान पसरले, परंतु पुढे ते पिशवीच्या मध्यावर थांबले आणि बऱ्याच पिशव्यांत आतून हिरवे डाग दिसू लागले. काही पिशव्यांना आंबूस वासही येतो. विकत घेतलेले स्पॉनच खराब होते, असे गटातील काही जणींचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

ताई, स्पॉनला दोष देण्याआधी हिरवा रंग नेमका कुठून सुरू झाला, ते पाहा. स्पॉनच्या दाण्यांवरच हिरवी बुरशी उगवली असेल, तर स्पॉनवर संशय घ्यायला जागा आहे. पिशवीच्या तोंडाजवळ किंवा छिद्रांपाशी सुरुवात झाली असेल, तर स्पॉन भरताना हात, हवा किंवा भांडे स्वच्छ नव्हते. पण डाग गाभ्यातून वर येत असतील, तर वाफ आतपर्यंत पोहोचलीच नाही, असे समजावे. आपल्या वर्णनावरून मला हे तिसरे कारण दिसते. ही हिरवी बुरशी बहुधा ट्रायकोडर्मा असते. ओला भुसा घट्ट बसतो व फार सावकाश तापतो, त्यामुळे ड्रममधील पाणी उकळू लागल्यापासून मोजलेले दोन तास गाभ्याच्या दृष्टीने फारच अपुरे ठरतात. शिवाय कोंडा मिसळल्याने अळिंबीला जेवढे पोषण मिळते, तेवढेच तिच्या शत्रूंनाही मिळते. नुसत्या तणसाला ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवले तरी भागते, पण कोंडा घातलेल्या भुशासाठी १२१ अंश तापमान देणारा, दाबाखाली वाफ करणारा ऑटोक्लेव्हच खरा उपाय आहे. तो नसल्यास पूर्ण वाफ सुरू झाल्यानंतर सहा ते आठ तास सतत जाळ ठेवावा लागतो, आणि तरीही उकळत्या पाण्याला न जुमानणारे काही जिवाणू शिल्लक राहतात. आंबूस वास बहुधा त्यांचाच आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हा भुसा कोणत्या लाकडाचा आहे?

प्रश्नकर्तीचा खुलासा

आपण म्हणता तसे डाग गाभ्यातूनच वर आलेले आहेत. भुसा बहुतेक सागाचा आहे. गिरणीत थोडे आंब्याचे लाकूडही येते, पण भुसा एकाच ढिगात पडतो.

उत्तर १

मग वाढ थांबण्याचे दुसरे कारणही सापडले. सागाच्या गाभ्याच्या लाकडात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात. सागाच्या दाराला वाळवी आणि बुरशी सहसा लागत नाही ती यामुळेच, आणि ज्या गुणासाठी आपण साग घेतो, तोच गुण अळिंबीच्या जाळ्यालाही अडवतो. आंब्याचा भुसा गिरणीवाल्याला वेगळा ठेवायला सांगता आला, तर तो जरूर वापरून पाहावा. प्लायवूडच्या कारखान्यातील किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा भुसा मात्र कधीही घेऊ नये.

उत्तर २ (यवतमाळ जिल्हा)

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु भुसा पूर्णपणे टाकून द्यावा, असे मला वाटत नाही. आम्ही सोयाबीनच्या कुटारात (मळणीनंतर उरणाऱ्या काडीकचऱ्यात) साग सोडून इतर लाकडाचा थोडा भुसा मिसळतो. कुटारामुळे मिश्रण पोकळ राहते आणि जाळ्याला हवा मिळते. नुसता बारीक भुसा दाबला गेला, तर आत हवाच उरत नाही. ओलावा मुठीत दाबून पाहावा: बोटांच्या फटीतून पाण्याचे एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. आपल्या भागात तर धान हेच मुख्य पीक. घरचे तणस हाताशी असताना सागाच्या भुशावर सरपण आणि स्पॉन का खर्च करावे, हा प्रश्न गटाने स्वतःला विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक किलो कोरड्या तणसापासून साधारण अर्धा किलो किंवा त्याहून अधिक ताजी धिंगरी मिळू शकते. वाफ देण्याच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्याव्यात. साध्या पॉलिथिनच्या पिशव्या त्या उष्णतेत टिकत नाहीत.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. पुढील पिशव्या तणसावर भरू. हिरव्या पडलेल्या पिशव्यांचे काय करावे?

उत्तर १

त्या पिशव्या खोलीत उघडू नका, कारण पिशवी फाडताच हिरवे बीजाणू सर्वत्र उडतात. तोंड बांधलेल्या स्थितीतच दूर शेतात नेऊन, नाकाला फडके बांधून त्या रिकाम्या कराव्यात आणि भुसा खड्ड्यात पुरावा. खोली धुऊन कोरडी होऊ द्यावी. तणसाच्या पिशव्यांवर पिके येऊ लागली की खेळती हवा द्यावी, नाहीतर देठ लांब आणि टोपी लहान राहते. धिंगरीला साधारण २० ते ३० अंश तापमान आणि ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता मानवते, त्यामुळे फेब्रुवारीनंतर आपल्याकडे तिची नवी लागवड करू नये. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही करायचेच असेल, तर ३० ते ३५ अंशांत येणारी दुधी अळिंबी निवडावी, मात्र तिच्या पिशव्यांवर मातीचा थर द्यावा लागतो. त्याची पद्धत जवळच्या सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रत्यक्ष विचारून घ्यावी.