एका आकाशात नऊ विजा: थर जोडून केलेल्या छायाचित्राला ‘विजेचे छायाचित्र’ म्हणावे का?

चर्चाप्रस्ताव

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सिंहगडाच्या बाजूला वळवाचे ढग चढलेले दिसले, म्हणून घरातल्या बंद खिडकीच्या आतच ट्रायपॉड लावून मी ८:१० ते ८:५५ या वेळात प्रत्येकी १५ सेकंदांच्या फ्रेम घेत राहिलो. अ‍ॅपर्चर एफ/८ आणि आयएसओ १०० होता. सुमारे १६० फ्रेमपैकी फक्त ९ फ्रेममध्ये वीज ढगातून खाली उतरलेली स्पष्ट आली. त्या नऊ फ्रेम फोटोशॉपमध्ये एकावर एक लेअर म्हणून ठेवल्या आणि सर्वांत खालची सोडून बाकीच्यांचा ब्लेंडिंग मोड ‘लाइटन’ केला. हा मोड वरच्या आणि खालच्या थरांची तुलना करून जे अधिक उजळ असेल तेवढेच ठेवतो, त्यामुळे काळ्या आकाशावरची विजेची रेघ अलगद खालच्या चित्रात उतरते. दोन मिनिटांत डोंगरावर नऊ लोळ एकदमच कोसळत असल्याचे चित्र तयार झाले आणि ते सुंदर होते, हे मी नाकारत नाही.

ते चित्र मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवले. दुसऱ्या दिवशी ते वेगळ्याच गटातून माझ्याकडे परत आले आणि त्याखाली ‘काल सिंहगडावर एकाच क्षणी नऊ विजा पडल्या’ असे लिहिलेले होते. ते वाक्य माझे नव्हते, पण चित्र माझेच होते आणि चित्र तेच सांगत होते.

माझे मत असे की, अशा चित्रावर किती फ्रेम जोडल्या आणि त्या किती वेळात घेतल्या हे चित्राच्या आतच छापलेले असावे, आणि स्पर्धांमध्ये ते एका फ्रेमच्या छायाचित्रांबरोबर ठेवू नये. माझे गाव परभणी जिल्ह्यात आहे. तिथे वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात शेतात वीज पडून माणसे आणि जनावरे जातात, आणि अनेकदा ती वीज आभाळ फाटल्यासारखा देखावा करून येत नाही. पाऊस अजून दूर असताना, पहिल्या काही कडकडाटांतच ती येते. लोकांच्या डोळ्यांसमोर विजेची कोणती प्रतिमा आपण उभी करतो, याची जबाबदारी म्हणूनच मला मोठी वाटते.

प्रतिसाद १

आपली कळकळ समजते, परंतु आपण रेषा चुकीच्या ठिकाणी ओढत आहात. फिल्मच्या काळात रात्री वीज टिपणारे छायाचित्रकार शटर बल्बवर, म्हणजे हवा तितका वेळ, उघडे ठेवून भिंगापुढे काळा पुठ्ठा धरत, वीज चमकण्याची चिन्हे दिसली की तो बाजूला करत आणि एकाच निगेटिव्हवर तीन-चार विजा जमवत. त्या छायाचित्रांना कोणी खोटे म्हटले नाही. मी चार मिनिटांचे एक एक्स्पोजर घेतले तर ते खरे, आणि तीच चार मिनिटे १६ फ्रेममध्ये विभागून नंतर जोडली तर ते खोटे, असे कसे? बेरीज कॅमेऱ्यात झाली की संगणकावर, एवढाच फरक आहे. ऑलिंपसने तर २०१४ मध्येच ‘लाइव्ह कंपोझिट’ ही सोय कॅमेऱ्यात दिली. त्यात पहिल्या फ्रेमनंतर केवळ नव्याने उजळलेला भाग चित्रात घेतला जातो, म्हणजे लाइटनचेच काम कॅमेरा जागेवर करतो. त्या चित्राला आपण कोणत्या वर्गात बसवणार?

प्रतिसाद २

प्रतिसाद १ मध्ये दोन्ही बेरजा सारख्या मानल्या आहेत, आणि मुद्दा तिथेच निसटतो. एका लांब एक्स्पोजरमध्ये विजेच्या रेघेबरोबर ढगांवर पडलेला तिचा उजेडही साठत जातो. जवळची वीज दोन-तीन वेळा चमकली की ढग पांढरेफटक होतात आणि चित्र वाया जाते, म्हणून त्या पद्धतीत किती विजा मावतील याला निसर्गानेच मर्यादा घातलेली असते. लाइटनमध्ये उजेड साठत नाही, फक्त निवडला जातो. तिथे नऊच काय, चाळीस विजाही मावतात. (थरांचा उजेड साठवत जाणारा ‘स्क्रीन’ मोड वापरून पाहा, तिसऱ्या-चौथ्या थरालाच आकाश दुधाळ होऊ लागते.) पुठ्ठा धरणारा छायाचित्रकारही दोन विजांच्या मधला उजेड अडवत होता, हे मान्य; पण वीज चमकत असतानाचा उजेड त्याला अडवता येत नव्हता.

दुसरी गोष्ट ढगांची. पाऊण तासात वादळ कित्येक किलोमीटर पुढे सरकते. आपल्या चित्रातला पहिला लोळ ज्या ढगातून पडला, तो ढग शेवटच्या लोळाच्या वेळी तिथे नव्हताच. चित्र शंभर टक्के मोठे करून ढगांच्या कडा पाहिल्यात तर एकाच ढगाला दोन-तीन किनारी दिसतील, आणि काही विजांची वरची टोके कोणत्याच ढगाला न जुळता अधांतरी लोंबताना दिसतील. ज्याने ती वीज पाडली तो ढगच चित्रातून पुसला गेला असेल, तर त्या चित्रात नेमके कशाचे छायाचित्र उरले?

प्रतिसाद ३

विजेच्या अभ्यासाच्या बाजूने थोडे लिहितो. १८८२ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी विजेची छायाचित्रे घेतली, तेव्हा चित्रकार रंगवत आले होते तशी कोनाकोनांची वेडीवाकडी वीज प्रत्यक्षात नसते, ती नदीसारख्या फाट्यांनी उतरते, हे लोकांना दिसले. छायाचित्राने विजेविषयीचा समज दुरुस्त केला, हा या विषयाचा वारसा आहे, आणि त्यामुळे धागाकर्त्यांचा आग्रह मला रास्त वाटतो.

मात्र एकाच फ्रेममध्ये ‘एक क्षण’ असतो हेही खरे नाही. आपल्याला जी एक वीज वाटते तिच्यात बहुधा तीन-चार आघात असतात. ते जवळजवळ एकाच मार्गाने, काही शतांश सेकंदांच्या अंतराने होतात, आणि वीज थरथरल्यासारखी दिसते ती त्यामुळेच. चार्ल्स बॉइझ यांनी फिरत्या भिंगांचा कॅमेरा तयार केला आणि १९३०च्या दशकात बेझिल शोनलंड यांनी दक्षिण आफ्रिकेत तो वापरून हे आघात एकमेकांपासून वेगळे करून दाखवले. म्हणजे साधे छायाचित्रही काळ दडवतेच. फरक इतकाच की ते एका विजेचा पाऊण सेकंदसुद्धा नसलेला काळ दडवते, आणि आपले चित्र पाऊण तास दडवते.

प्रतिसाद ४

मी दिनदर्शिकांसाठी चित्रे करतो आणि मला ही सगळी चर्चा वृत्तछायाचित्राच्या मापाने चाललेली दिसते. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवरून छापले, कारण तेव्हाच्या रसायनांना दोन्ही एकत्र पेलत नव्हते. त्या चित्रांवर टीप छापली असती तर ती चित्रे राहिली नसती. चित्राच्या कोपऱ्यात ‘९ फ्रेम, ४५ मिनिटे’ असे लिहिले की पाहणारा आकाश पाहत नाही, हिशेब पाहतो. माहिती चित्राखाली द्यावी, वर्णनात द्यावी, पण चित्राच्या अंगावर देऊ नये.

धागाकर्त्याचे उत्तर

प्रतिसाद १ मधील एक मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो: बेरीज कॅमेऱ्यात झाली की संगणकावर, यावर चित्राचा खरेपणा ठरत नाही. लाइव्ह कंपोझिटने पाऊण तास घेतलेले चित्रही मी माझ्या चित्राच्याच वर्गात ठेवीन. प्रस्तावात मी फ्रेमच्या संख्येवर जो भर दिला तो चुकीचा होता. भर वेळेवर हवा होता.

प्रतिसाद ४ शी मात्र सहमत होता येत नाही. चित्राखालचे वर्णन पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडते, हे मी स्वतः अनुभवले आहे. ल ग्रे यांचे चित्र भिंतीवर होते आणि पाहणाऱ्याला ते कोणाचे आहे हे ठाऊक होते. माझे चित्र माझे नाव गमावून चोवीस तासांत परत आले.

प्रतिसाद २ वाचून मी काल रात्री मूळ फाइल उघडली आणि ढगांच्या कडा मोठ्या करून पाहिल्या. उजवीकडून तिसरा लोळ खरोखरच ढगाच्या बाहेर, स्वच्छ आकाशातून सुरू होतो. नऊपैकी ८:३१ ते ८:३७ या सहा मिनिटांतल्या चार फ्रेम तेवढ्या ठेवल्या, बाकीचे पाच थर बंद केले. आता सगळ्या विजा एकाच ढगाच्या पोटातून निघतात. खालच्या डाव्या कोपऱ्यात, डोंगराच्या काळोख्या उतारावर, बारीक पांढऱ्या अक्षरांत ‘४ विजा, ६ मिनिटे’ असे लिहिले आहे, आणि तेच चित्र मी त्या नातेवाइकांच्या गटावर पुन्हा पाठवले आहे.