जांघेचे दुखणे: आधी एमआरआय की आधी तपासणी?

क्रीडाशिक्षक, अमळनेर
आमच्या शाळेच्या कबड्डी संघातील आठवीतला एक चढाईपटू दीड महिना जांघ दुखते म्हणत होता. घरच्यांनी चमक भरली असे समजून शेक दिला, दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, आणि तो गुडघा धरून लंगडू लागल्यावर गुडघ्याचाच फोटो काढला गेला, जो अर्थातच निर्दोष आला. खुब्याच्या हाडाचा गोळा वाढीच्या पट्टीवरून सरकला आहे, हे फार उशिरा कळले. म्हणून खेळाडू मुलाची जांघ दोन आठवडे दुखली, तर सरळ एमआरआय करावा, असे माझे मत आहे.

फिजिओथेरपिस्ट, जळगाव
सर, आपल्या उदाहरणात कमी पडला तो खुब्याचा साधा एक्स-रे. गोळा सरकण्याचा हा विकार प्रामुख्याने 10 ते 16 या वयात होतो आणि दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते. त्यामुळे दोन्ही खुब्यांचा समोरून एक आणि पाय बेडकासारखे फाकवून दुसरा, असे दोन फोटो लागतात.

एमआरआयची अडचण वेगळी आहे. खुब्याच्या कडेच्या कूर्चेतील चीर काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंमध्येही दिसते. खुब्यातील हाडांच्या घासण्याबाबत 2016 च्या वॉरिक सहमतीने, म्हणजे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय एकमताने, लक्षणे, तपासणीतील खुणा आणि चित्र या तिन्हींचा मेळ आवश्यक मानला आहे, तो याचसाठी. माझ्याकडे एक धावपटू मुलगी प्लास्टिकच्या पिशवीत अशीच चीर दाखवणारा एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आली, आणि वडिलांचा पहिला प्रश्न ऑपरेशनचा होता. तिच्या दोन गुडघ्यांमध्ये माझी मूठ ठेवून दाबायला सांगताच ती कळवळली. दुखणे मांडीच्या आतल्या स्नायूंचे होते. त्या रिपोर्टातल्या चिरेला आम्ही आजवर हात लावलेला नाही.

पालक, तळोदा
ताई, तुमची मूठ जळगावात आहे. सातपुड्यातून गाडीभाडे काढून खाली उतरलेल्या पोराला तीन-तीन वेळा बोलावता येत नाही. शिवाय साधा फोटोही फसवतो: माझा पुतण्या पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी डांबरी रस्त्यावर पळत असे, जांघ दुखू लागल्यावर एक्स-रे साफ आला आणि त्याला सराव चालू ठेवण्यास सांगण्यात आले. पुढे एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला ताणामुळे पडलेली भेग निघाली.

फिजिओथेरपिस्ट, जळगाव
हे मला मान्य आहे, कारण अशी भेग सुरुवातीला एक्स-रेवर बहुधा दिसत नाही. पळणाऱ्या मुलाला पायावर भार देताना जांघेत खोलवर दुखत असेल, तर त्याचे पळणे त्याच दिवशी बंद करून एमआरआय करावा. मात्र तो सांगणाऱ्याने चिठ्ठीवर ‘जांघ दुखते’ एवढेच न लिहिता कशाची शंका आहे ते लिहावे, आणि ते लिहिण्यासाठी मुलाला एकदा तरी टेबलावर झोपवून खुबा फिरवून पाहावा लागतोच.

क्रीडाशिक्षक, अमळनेर
आमच्या मुलाचा खुबा त्या दीड महिन्यात कोणीही फिरवून पाहिला नव्हता.