मराठी शाळेतल्या मुलांनी डॉक्टर होऊ नये काय?

धागाकर्ती, रत्नागिरी
‘मराठी शाळेत घालून मुलांना डॉक्टर करण्याची स्वप्ने पाहू नका, पहिल्याच वर्षी ती इंग्रजी शब्दांखाली गाडली जातात,’ असे एका सद्गृहस्थांनी काल इथे लिहिले, ते वाचून राहवले नाही. मी तेवीस वर्षे विज्ञान शिकवते. हे शब्द बहुतांशी ग्रीक-लॅटिन आहेत आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही ते परकेच असतात. ‘हेपर’ म्हणजे यकृत, ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड आणि ‘आयटिस’ म्हणजे दाह, एवढे फळ्यावर मांडले की हेपटायटिस, नेफ्रायटिस हे शब्द मुले आपणहून फोडतात. समासाचा विग्रह करायला शिकलेल्या मुलाला ही रीत नवी नसते.

चिपळूण
बाई, ते सद्गृहस्थ मीच. माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. अकरावीत पेशीचे ‘सेल’ झाले आणि ऊतीचे ‘टिश्यू’ झाले, हे ती आठवड्यात शिकली. अडले ते वाक्य. सरांचे वाक्य संपेपर्यंत ती पहिल्याच शब्दाशी झगडत असे. तिच्या जीवशास्त्राच्या वहीत पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले मराठी अर्थ पानापानावर आहेत. तिचे एक वर्ष गेले, ते तुमच्या ग्रीकने परत येणार नाही.

कुडाळ
मी मराठी शाळेतून आलेला डॉक्टर आहे. ‘हायपोग्लायसेमिया’त साखर घटते आणि ‘हायपरग्लायसेमिया’त वाढते, हा एका अक्षराचा फरक मला अर्थ कळल्यामुळेच लक्षात राहिला. खरी अडचण पुढे येते. आजी ‘कळ मारता’ म्हणतात, तेव्हा बाहेरून आलेला तरुण डॉक्टर कागदावर केवळ ‘पेन’ लिहितो. ठणका, कळ, चमक, मुरडा, उसण यांतला प्रत्येक शब्द निराळ्या दुखण्याकडे बोट दाखवतो, आणि तो फरक केसपेपरवर उतरतच नाही.

चिपळूण
विषय शिक्षणाचा आहे, डॉक्टर, बोलीचा नाही! मुरडा आणि चमक यांवर परीक्षेत गुण मिळत नाहीत.

महाड
मिळत नसतील, पण संशोधन होते. आमच्या भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा दरदरून येणारा घाम आणि गार पडलेले हातपाय बारकाईने टिपले, आणि ती निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. गावकऱ्यांचे बोलणे समजून घेतल्याशिवाय असे काम होत नाही.

चिपळूण
आणि ‘लॅन्सेट’ इंग्रजीत निघते, म्हणूनच ते जगाला कळले, हेही लिहा.

धागाकर्ती
ते मला मान्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की इंग्रजी शब्दांची ओळख आठवीपासून, मराठीतून समजावून, करून द्यावी. तुमच्या मुलीचे वर्ष गेले, त्याचा दोष तिच्या मराठी शाळेला देऊ नका; अकरावीच्या दारात तिला एकटे सोडणाऱ्यांना द्या.

चिपळूण
आठवीपासून शिकवावे, एवढे मी मान्य करतो. तरीही धाकट्याला सेमी-इंग्रजीत घातले आहे, आणि तो निर्णय बदलणार नाही.