प्रतिसाद: बुजणारा घोडा
वर कोणीतरी लिहिलंय की प्लास्टिकच्या पिशवीला बुजला तर लगाम आवळून टाच मारून पुढे काढायचाच, मला नाही पटलं. अहो त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, अगदी नाकासमोरचं त्याला दिसतच नाही, म्हणून तो मान वरखाली करून अंदाज घेतो आणि नेमकं तेव्हाच आपण लगाम खेचतो, मग काय, पिशवीही वाईट आणि वर बसलेलाही वाईट! लगाम जरा सैल सोडा, बघू द्या त्याला. स्वतःहून एक पाऊल टाकलं की टाचेचा दाब लगेच काढायचा, टायमिंग महत्त्वाचं, उशीर झाला तर शाबासकी कशाची ते त्याला कळत नाही. आणि आयाळ संपते तिथे खाजवा, घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, हृदयाचे ठोके खरंच कमी होतात.