आईच्या हाताला परत परत इन्फेक्शन होतंय (ब्रेस्ट कॅन्सरनंतरची सूज), मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून.

आई ५८ वर्षांची, भंडारा जिल्ह्यात गावी बाबांसोबत राहते, चार एकर धानाची शेती आहे. २०२१ ला उजव्या बाजूला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, नागपूरला ऑपरेशन झालं, काखेतल्या १७ गाठी (लिम्फ नोड) काढल्या, त्यातल्या ४ मध्ये कॅन्सर होता, मग ८ केमो आणि रेडिएशनचे २५ सिटिंग. ते सगळं तिने निभावलं, केस परत आले, चेकअप दरवेळी क्लिअर. आम्हाला वाटलं सुटलो. दीड वर्षाने एक दिवस म्हणाली उजव्या हातात बांगड्या चढत नाहीयेत. आम्ही म्हटलं वजन वाढलं असेल. तेव्हाच दाखवायला हवं होतं, ते मनाला लागून राहिलंय.

मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत ती बांधीत उतरली, मी फोनवर शंभरदा नको म्हटलं तरी, कारण बाया मिळत नव्हत्या. पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या उचलताना मनगटाजवळ बारीकसं खरचटलं, रक्तही आलं नाही म्हणे. त्याच रात्री थंडी वाजून १०३ ताप, तीन चादरी अंगावर घेऊन थरथरत होती, सकाळी अख्खा हात कोपराच्या वरपर्यंत लालभडक आणि तव्यासारखा गरम. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी हात पाहिला आणि सरळ हत्तीरोग म्हणून गोळ्या सुरू केल्या, वरून सलाईन लावलं ते सुद्धा त्याच उजव्या हाताला!! आईने सांगितलं होतं की या हाताला सुई नको, तिचं कोण ऐकतं. आमच्या भागात हत्तीरोग आहे हे खरं, दरवर्षी गोळ्या वाटतात, पण ऑपरेशनची एवढी मोठी खूण समोर असताना एकदा विचारायला काय हरकत होती? नंतर रात्री ११ वाजता रक्त घेऊन तपासलं तर काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी नागपूरला नेलं, सेल्युलायटिस (कातडीखालचं इन्फेक्शन) सांगितलं, ५ दिवस ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक.

त्यानंतर धान कापणीच्या वेळी परत, आणि मागच्या महिन्यात तिसऱ्यांदा, यावेळी तर कुठे जखमच सापडली नाही. १४ महिन्यांत ३ वेळा. दरवेळी ताप उतरतो, लाली जाते, पण हात पहिल्यासारखा होत नाही, प्रत्येक अटॅकनंतर थोडी सूज मागे राहतेच. शिलाईच्या टेपने मोजलं, कोपराखाली चार बोटांवर डावा २४ सेंमी आणि उजवा साडेएकोणतीस. आधी अंगठ्याने दाबलं की खड्डा पडायचा आणि हळूहळू भरायचा, आता दाबलं तरी खड्डाच पडत नाही, कातडी जाड आणि टणक झालीय.

लग्नाकार्यात ती उजवा हात पदराखाली घेऊन बसते. गावात कुजबुज आहे की हत्तीरोग झालाय म्हणून, एका घरी हळदीकुंकवाला तिला बोलावलंच नाही. कॅन्सरच्या वेळी रडली नव्हती एवढी त्या दिवशी रडली.

माझे प्रश्न :
एक म्हणजे हे परत परत होणं थांबवता येतं का? कोणी तरी पेनिसिलिन कायमचं चालू ठेवतात म्हणालं, ते खरं आहे का. दुसरं, एका दुकानातून सुजेसाठीची लांब घट्ट बाही (स्लीव्ह) आणली होती, ती तिने चार दिवस घातली, वरच्या बाजूला रुतायची आणि पंजा फुगायचा, मग काढून ठेवली. मे महिन्यात आमच्याकडे ४५ डिग्री असतं, लोक घालतात तरी कशी? आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्यात त्याने सूज उतरेल का? शेजारच्या काकू रोज गरम तेलाने मालिश करून शेकायला सांगतात, आई ते मनोभावे करतेय, मला भीती वाटते. मी पुण्यात, लहान मूल, सारखं जाता येत नाही. जे अनुभव असतील ते सांगा प्लीज.

– वैनगंगाकाठ

*

ताई, आधी एक सांगते, मालिश आणि शेक आजच बंद करा. मी स्वतः पेशंट, ९ वर्षं झाली, डावा हात. गरम केलं की हाताकडे रक्त जास्त येतं आणि सूज वाढते, मी हे सोसून शिकले. लघवीच्या गोळीने माझंही काही झालं नाही, नुसती चक्कर यायची, ही सूज गाठी काढल्यावर हातात साठणाऱ्या प्रोटीनवाल्या पाण्याची (लिम्फची) असते, ते लघवीवाटे जात नाही असं माझ्या डॉक्टरांनी समजावलं. पण ब्लडप्रेशरसाठी दिली असेल तर विचारल्याशिवाय बंद करू नका.

माझे पहिल्या दोन वर्षांत ४ अटॅक झाले. मग डॉक्टरांनी दर ३ आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलं, हार्टच्या झडपेचा आजार असलेल्या मुलांना वर्षानुवर्षं देतात तेच, कमरेत देतात, दुखतं खूप. ॲलर्जी आहे का ते आधी बघतात, मनाने घ्यायचं नाही. त्यानंतर एकच अटॅक आला. आईला १४ महिन्यांत तीनदा झालंय तर विचारायला नक्की हरकत नाही.

अजून एक, माझ्याकडे डॉक्टरांनी लिहून दिलेलं पत्र असतं, कुठला हात, गाठी काढल्यात, या हाताला सुई आणि बीपी नको, ताप आणि लाली आली तर अमुक अँटिबायोटिक लगेच सुरू करा. गावातल्या डॉक्टरसमोर हे कागद ठेवलं की वाद होत नाही. त्या गोळ्यांचा एक कोर्स घरात ठेवते. लाली दिसली की बॉलपेनने कडेने रेघ मारायची, काही तासांत रेघेबाहेर गेली किंवा थंडी भरली, उलट्या झाल्या तर गोळ्यांवर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि कोर्स अर्धवट सोडायचा नाही, मी एकदा पाचव्या दिवशी सोडला आणि आठवड्यात परत आलं.

– साळुंकी

*

मी फिजिओथेरपिस्ट, कॅन्सरनंतरच्या सुजेचे पेशंट बघते. हात न बघता नेमकं सांगू शकत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून क्रम चुकलाय. सूज आलेल्या हाताला तयार स्लीव्ह चढवली की असंच होतं, वर रुतते आणि पंजात पाणी साचतं. आधी हाताची सूज उतरवायची, मग माप. उतरवण्यासाठी दोन ते चार आठवडे रोज बँडेजिंग असतं, आणि दुकानात मिळतं ते साधं क्रेप नको, कमी ताणलं जाणारं लागतं, त्याला शॉर्ट स्ट्रेच बँडेज म्हणतात, बोटांपासून सुरू करून आत कापूस-फोम देऊन थरावर थर बांधतात. त्यासोबत मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज, म्हणजे अगदी हलक्या हाताने कातडी सरकवणं, रगडणं नव्हे. हात उतरला की मापाची स्लीव्ह, पंजा सुजत असेल तर ग्लोव्हसकट. दिवसा घालायची, रात्री काढायची, साधारण सहा महिन्यांनी ढिली पडते तेव्हा बदलायची. लाली-ताप असताना ड्रेनेज थांबवायचं आणि स्लीव्ह दुखत असेल तर तीही, ताप गेला की पुन्हा सुरू.

कातडी टणक झालीय म्हणजे वेळ घालवू नका, पूर्ण जाणार नाही पण बरीच मऊ पडते. आणि सूज अचानक झपाट्याने वाढली असेल, काखेत गाठ लागत असेल, किंवा हात दुखतोय, बोटं बधिर होतायत तर कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) आणि बाकी तपासण्या करून घ्या, सगळं लिम्फवर ढकलायचं नाही. शुगर तपासली आहे का? वाढलेली असेल तर इन्फेक्शन परत परत येतं.

हात वापरायचा नाही असं मात्र सांगू नका. हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने आणि कामाने सूज वाढत नाही, २००९ मध्ये अमेरिकेत वजन उचलणाऱ्या बायकांवर अभ्यास झालाय. त्रास होतो तो खरचटण्याचा आणि चिखलाचा.

– फिजिओ_नगर

*

मी आशा सेविका आहे, तुमच्याच बाजूची. हत्तीरोगाच्या पेशंटला आम्ही टब, मग, साबण, टॉवेलचं किट देतो आणि पाय धुवायला शिकवतो, तेच हाताला लागू पडतं. आजार वेगळा पण कातडी तशीच नाजूक. रोज संध्याकाळी साध्या साबणाने कोमट नको गार पाण्याने धुवायचं, बोटांच्या बेचक्यांत नीट, घासायचं नाही, टॉवेलने टिपून कोरडं करायचं. बेचक्यांत पांढरं पडलं, खाजलं तर बुरशी असते, तिथूनच जंतू शिरतात, कदाचित तिसऱ्या वेळी जखम दिसली नाही ती म्हणूनच. नंतर थोडं खोबरेल तेल, जखमेवर नाही. नखं फार आत कापू नका. आणि गावातल्या बायांना मी बोलू शकते, हे डासाने होत नाही, लागत नाही.

– रानफूल

*

सगळ्यांना काय म्हणू. रानफूल ताईंचं वाचून आईला व्हिडिओ कॉलवर बोटं दाखवायला लावली, करंगळीच्या बेचक्यात खरंच पांढरं आणि चिरलेलं आहे. इतके दिवस कोणी बघितलंच नाही, मी पण नाही. शुगर गेल्या वर्षी १३५ होती उपाशीपोटी, तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं, आता परत करतोय. शेक बंद केलाय, शेजारच्या काकू नाराज आहेत.

येत्या गुरुवारी सुट्टी टाकून नागपूरला येतेय, आधी कॅन्सरचे डॉक्टर, पत्र आणि इंजेक्शनचं तिथेच विचारते. बँडेज करणारं कोणी नागपुरात माहीत असेल तर मेसेज करा. आणि फिजिओ ताई, रोज भंडाऱ्याहून जाणं-येणं जमणार नाही, बाबांना बँडेज बांधायला शिकवलं तर चालेल का? त्यांचा हात शेतकऱ्याचा आहे, पण केमोच्या वेळी आईची वेणी तेच घालायचे, शेवटचे केस गळेपर्यंत.

– वैनगंगाकाठ

*

चालेल ताई. बाबांना सोबत न्या, पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा, दोन आठवड्यांत येतं.

– फिजिओ_नगर