ब्लॉक गुण्यात कधी घेता? आपापले अनुभव सांगा

लेकीच्या रुखवतात ठेवायला पांघरूण शिवायचं मनात होतं. बारा इंची चांदण्यांचे ब्लॉक (कापडाचे तुकडे जोडून केलेले चौकोन) आणि एकाआड एक साधे पिवळे चौकोन, सहा बाय सहा. दोन ओळी जोडून झाल्या, हौसेनं फरशीवर अंथरल्या, तर पिवळ्या चौकोनांना फुगे! हातानं दाबावं तर फुगा शेजारी सरकायचा. शेवटी टेप लावला. पिवळा चौकोन साडेबारा इंच (अर्धा इंच माया, म्हणजे टिपेत जाणारं कापड, धरून) आणि चांदणी बारा इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तीन सुतांचा फरक मी दर जोडाला ओढून ओढून बसवत आले होते.

कारण सापडायला दुसरा दिवस उजाडला. मशीनच्या पायाच्या कडेला कापड लावून टीप मारायची मला सवय. ती कड सुईपासून पाव इंच, म्हणजे दोन सूत असेल असं मी धरून चालले होते. ती निघाली अडीच सूत. जोडाच्या दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं सूत जास्त गेलं की एका टिपेला एक सूत जातं. माझी चांदणी सोळा घरांची, म्हणजे छोट्या चौकोनांची; एका ओळीत चार घरं, तीन टिपा. तीन सूत बरोबर तिथंच गेलं.

तिरकी घरं (दोन त्रिकोण जोडून होतात ती) मी जोडायच्या आधी साडेतीन इंचांवर नीट कापून घेतली होती, तरी असं झालं. म्हणून विचारतेय. आपल्याकडे गवंडी आणि सुतार काटकोनाला गुण्या म्हणतात, तोच शब्द घेते: तुम्ही ब्लॉक गुण्यात कधी घेता, म्हणजे मोजून-छाटून चौरस कधी करता? प्रत्येक टिपेनंतर, की पूर्ण ब्लॉक झाल्यावर एकदाच? मराठवाड्यातल्या मैत्रिणींनी आणि दादांनीही मोकळेपणानं लिहा. घरच्या गोधडीचा अनुभव असला तरी चालेल. मी जालन्याची.

परभणीहून

मी शिलाईकाम करते, बावीस वर्षं झाली. ब्लाउजच्या उरलेल्या कापडांतून ब्लॉक करायला लागले तेव्हा मीही शेवटीच कापायचे. पहिल्या पांघरुणाच्या निम्म्या चांदण्यांची टोकं त्यात गेली. झालेला ब्लॉक वाकडा दिसला म्हणून पट्टी ठेवून कड उडवली, की टोकाच्या बाहेर राखलेली पाव इंच माया उडते. पुढच्या टिपेत टोक गिळलं जातं आणि चांदणी बोथट होते. एकदा तसं झालं की पुन्हा येत नाही, ब्लॉक उसवून नवे तुकडे घालावे लागतात.

आता मी कापते ते तिरक्या टिपेनंतर, लगेच. पूर्ण झालेलं घर तीन इंची हवं असेल तर दोन रंगांचे चौकोन चार इंची घ्या, एकावर एक ठेवा. कर्णाच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंचावर टीप मारा आणि कर्णावर कापा. दोन घरं मिळतात, प्रत्येक तीन इंच पाच सूत. तुम्हाला हवं साडेतीन, म्हणजे एक सूत छाटायला हातात राहतं. नेमकं माप काढून त्यावरच कापणाऱ्या बायाही पाहिल्या आहेत, पण तिरकी टीप जराशी सरकली की छाटायला काहीच उरत नाही. अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर पंचेचाळीस अंशांची रेघ असते. ती रेघ कापडाच्या कडेवर नाही, तिरक्या टिपेवर ठेवायची. आधी दोन बाजू छाटा, घर फिरवा, मग साडेतीनची रेघ आधी छाटलेल्या कडांवर आणून उरलेल्या दोन छाटा.

ताई, तुमच्या बाबतीत घरं बरोबर होती, पण पहिली जोडी मोजायची राहिली. साडेतीनची दोन घरं जोडली की साडेसहा भरलीच पाहिजेत. तुमची सहा इंच तीन सूत भरली असती आणि पाचव्या मिनिटाला पायाची गडबड कळली असती. मापाचं काम छाटण्याआधी येतं. उलट झालं की माणूस चूक छाटत बसतो, ती का झाली ते शोधत नाही.

केजहून

माझी माय गोधड्या शिवते. ऊसतोडीला जाणारी घरं आमच्याकडं पुष्कळ. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, त्याच्या आत गोधड्या झाल्या पाहिजेत. थळात, म्हणजे टोळीच्या तळावर, कोपीत (झोपडीत) झोपायचं तर अंगाखाली एक आणि अंगावर एक लागतेच. त्यामुळं भाद्रपदातच आमच्या ओसरीवर लुगड्यांचे ढीग पडायचे.

तिच्याकडं पट्टी नाही, टेप नाही. तरी तिची गोधडी घडी घातली की चारी कोपरे एकावर एक बसतात. लहानपणी वाटायचं, तिच्या हाताचीच ती जादू आहे. मोठेपणी नीट बघितलं तेव्हा कळलं की ती गुण्या सुरुवातीलाच घेते. लुगड्याचा तुकडा ती कापत नाही. कडेला दातानं खाच पाडते आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडते. सुती कापड फाडलं की फाट धाग्याच्याच रेषेत जाते, कात्रीसारखी इकडंतिकडं वळत नाही. फाडल्यावर तुकडा तिरका दिसला तर दोन समोरासमोरचे कोपरे धरून उरेब, म्हणजे तिरका, ओढून सारखा करते. मी कात्री घेतली की ओरडायची, "काय करायलीस? फाड की सरळ!"

मग खालचं लुगडं जमिनीवर अंथरून ती कोपऱ्यांवर दगड ठेवते. पाण्याचा हबका मारून सुरकुत्या काढते. मधे जुनी धोतरं, फाटक्या साड्या, वर चांगलं लुगडं. दर थराला हात फिरवते, मधून कडेकडे. आणि शिवायला घेते ती कडेपासून. चारी कडांनी धावदोरा, मग आतला चौकोन, मग त्याच्या आतला, असं करत मधे येते. एक फेरी झाली की उठून लांबून बघते. कड वाकलेली दिसली तर तेवढीच फेरी उसवते. सगळी गोधडी झाल्यावर उसवलेलं मी तिला कधी पाहिलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या कामातच दिसतं. ती फेरीला बघते. मीही आता तेच करते, फक्त फेरीच्या जागी टीप.

औशाहून

आमचे वडील गवंडी. पाया आखताना तीन-चार-पाच लावायचे: एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, आणि तिरकी दोरी पाच फूट भरली तर कोपरा गुण्यात. माझ्याकडं मोठी पट्टी नव्हती तेव्हा मी पांघरुणाच्या कोपऱ्यांना हेच लावलं आणि आजही लावतो. ब्लॉकला दुसरी खूण आहे, कर्ण. साडेबाराच्या ब्लॉकचे दोन्ही कर्ण साडेसतरापेक्षा दीड सूत जास्त, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे भरायला हवेत. नुसत्या चार बाजू मोजून भागत नाही. बाजू सारख्या असूनही ब्लॉक पतंगासारखा तिरपा असू शकतो. असा ब्लॉक लगेच कापायचा नाही. ओलसर करून इस्त्रीच्या टेबलावर टाचण्यांनी गुण्यात ताणायचा आणि वाळू द्यायचा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

छत्रपती संभाजीनगरहून

हिमरूचे तुकडे कुणी वापरत असेल तर एक सावधगिरी. इथं शालींच्या कडेचे तुकडे मिळतात म्हणून हौसेनं आणले. हिमरूत रेशीम आणि सूत दोन्ही असतं, कड मोकळी झाली की धागे सुटतात. दर टिपेनंतर छाटायचा नियम मी त्यावरही चालवला आणि चौथ्या छाटणीला पाव इंच मायेतली निम्मी झडून गेली होती. फार वाईट वाटलं, तसा तुकडा पुन्हा मिळत नाही.

आता मागून पातळ पेस्टिंग इस्त्रीनं चिकटवते, माया अर्धा इंच ठेवते आणि एकदाच कापते. सुती कापडाचं गणित रेशमाला लावू नये.

नांदेडहून

आमच्याकडं खादी चांगली मिळते. खादीचे राष्ट्रध्वज तयार करणारं आमचं शहर, त्यामुळं दुकानात गेलं की हात खादीकडंच जातो. पण धुतल्याशिवाय कापू नका! मी न धुता खादी आणि जुन्या साडीचे तुकडे एकत्र जोडले. सगळे ब्लॉक गुण्यात होते, दोनदा मोजले होते. पहिल्या धुण्यात खादी आटली, साडी आधीच आटलेली होती, आणि आख्खं पांघरूण चुरगळलं. तेव्हापासून नवं कापड रात्रभर पाण्यात, मग ऊन, मग इस्त्री, मगच कात्री.

लातूरहून

माझं मत वेगळं आहे, राग नसावा. मी फक्त पट्ट्यांचे ब्लॉक करते, टोकं नसतात. सगळे छत्तीस ब्लॉक शिवून होईपर्यंत एकही कापत नाही. मग सगळे मोजते, त्यातला सर्वांत लहान निघेल त्या मापावर बाकीचे आणते. साडेबाराच्या जागी बारा इंच दोन सूत झालं तरी काय बिघडतं? सगळे सारखे असले म्हणजे झालं. दर टिपेला थांबायला लागलं तर हातातली लय जाते, आणि मी रात्रीच शिवते.

जालन्याहून, ही चर्चा सुरू करणारी

लातूरच्या ताई, राग कसला! टोकं नसतील तर तुमची रीत बरोबर आहे, फक्त सर्वांत लहान ब्लॉक फारच लहान निघाला तर तो बाजूला काढून नवा करावा. एकाच्या पायी पस्तीस कापायला नकोत. पण चांदणी, भिंगरी किंवा काहीही टोकदार असेल तर ही रीत मी कुणालाच सांगणार नाही. आणि मधे लाल चौकोन ठेवून भोवती पट्ट्या फिरवत नेतात, त्या ब्लॉकला तर दर फेरीनंतर पट्टी लावावीच लागते. पहिल्या फेरीचा तिरपेपणा तिथं प्रत्येक फेरीत वाढत जातो.

उदगीरहून

खळ! कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं ते उरेबमुळं. कापायच्या आधी कापडाला भाताच्या पेजेची पातळ खळ द्या, गाळून घेतलेली, नाहीतर कण चिकटतात. वाळल्यावर इस्त्री केली की कापड कागदासारखं उभं राहतं आणि कडा ताणल्या जात नाहीत. शिवून झालं की धुण्यात खळ निघून जाते. मात्र तसंच खळीचं कापड महिनोन्महिने ट्रंकेत ठेवू नका, झुरळं आणि कसर लागते.

इस्त्रीचंही सांगते. जोड उघडताना इस्त्री घासत नेऊ नका. ठेवायची, उचलायची, पुढं ठेवायची. माझ्या मामींनी वाफेची इस्त्री जोरात फिरवून भिंगरीची चार घरं ताणून पानांसारखी वाकडी केली होती, आणि आम्ही दोघी दुपारभर त्यांचे टाके उसवत बसलो.

जालन्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. मशीनच्या पाट्यावर सुईपासून बरोबर दोन सुतांवर चिकटपट्टी लावलीय आणि तिच्या कडेला कापड धरून शिवतेय. दोन्ही ओळी उसवल्या. अकरा चांदण्या पुन्हा झाल्या, बाराव्या चांदणीची पहिली जोडी आत्ता मोजली, साडेसहा भरली. आता पुढचं विचारते: भोवतीच्या पट्टीची लांबी पांघरुणाच्या कडेवरून मोजायची की मधून?

केजहून

मधून. कड हाताळून हाताळून ताणलेली असते, तिच्या मापानं पट्टी कापली तर ती लहरत बसते. मधे आडवं एकदा, उभं एकदा मोजा, तेवढीच पट्टी कापा आणि कड तिच्यात बसवा. आधी दोन्ही टोकं टाचा, मग मध्य, मग उरलेलं.